नुसते खांब

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलं की "लक्षात घ्या" पासून व्याख्यान सुरू होतं. लिफ्ट अडकली, तर चोळांचं अख्खं घराणं आटोपतं.

यंदा सोसायटीची दक्षिणेची सहल गेली. पाँडिचेरीत फ्रेंचांच्या पिवळ्या घरांपायी त्यांनी आमचा नाश्ता थंड केला. रामेश्वरच्या देवळातल्या लांबलचक दालनाबद्दल तर ते मुलुंडपासूनच बोलत होते.

तिथे दाराशीच त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला. "तुम्ही बघून या, मग मला सांगा," म्हणून वहिनी बाहेरच बसल्या.

दालनात खांबांची रांग नजर पोहोचेपर्यंत गेली होती. गृहस्थ एका खांबाला हात लावून उभे राहिले. मला एकदाही "लक्षात घ्या" म्हणाले नाहीत.

बाहेर वहिनींनी विचारलं, "कसं आहे हो?"

"काही नाही गं, नुसते खांब. आपल्या फ्लायओव्हरखाली असतात तसे."

"मग एवढे दिवस काय डोकं खात होतात?"

"पुस्तकात वाचलेलं. चल, कॉफी घेऊ."

वहिनींना पटलेलं दिसेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लक्षात घ्या वहिनी," मी म्हटलं, "नुसते खांब."