दोघांना एकच खोली

औंढ्याला देवळापासून थोड्या अंतरावर एक खासगी लॉज होता. साल दोन हजार सहा-सातचा सुमार. लॉजच्या शेठांनी हौसेनं वेबसाइट करून घेतली होती. घरबसल्या खोली बुक करायची, कागद छापून आणायचा आणि काउंटरवर दाखवायचा. वेबसाइट बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि ती सांभाळायचं काम हिंगोलीत माझ्याकडे आलं. मी नुकतंच कॉम्प्युटरचं शिक्षण संपवलं होतं.

महाशिवरात्र झाली आणि शेठांनी मला बोलावून घेतलं. सणाच्या आदल्या संध्याकाळी आखाडा बाळापूरकडून दोन कुटुंबं आली होती. दोघांच्या कागदावर एकच खोली. आधी आले त्यांना ती मिळाली, दुसरे म्हाताऱ्या आईला घेऊन ओसरीत पडले. आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरची एक खोली कुलूप लावून रिकामी होती. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर नुसते खोल्यांचे नंबर दिसत, नावं नाहीत; तिथं ती बुक दिसत होती, पण तो नंबर घेऊन कोणी आलंच नाही.

शेठांचा वहीम मॅनेजरवर होता. हे मॅनेजर जवळच्या तांड्यावरचे, साठीला टेकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. शेठांच्या मते मामा खोटं बुकिंग टाकून खोली अडवत आणि मग गुपचूप कोणाला तरी देत.

"मामानं कुठं हात घातला, ते तुमी कॉम्प्युटरमधून काढा," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. काउंटरवर बसून मी काम करत होते, पण लक्ष मामांकडे. त्यांनी चहा आणून ठेवला. मी काय शोधतेय ते विचारलं नाही, आणि त्यांचं ते न विचारणंच मला खटकलं. त्यांचा स्वतःचा वहीम त्या कुटुंबांवर होता; आपणहूनच म्हणाले, एकाच कागदाची झेरॉक्स काढून आणली असणार.

वेबसाइटच्या आतल्या नोंदींत नावंही होती; त्या पाहिल्या तर वेगळंच निघालं. दोन्ही बुकिंग खरी होती आणि दोन वेगळ्या खोल्यांची होती. वरची रिकामी खोली ओसरीत झोपलेल्यांचीच होती. मामांनी कशालाही हात लावला नव्हता. मग कागदावर चुकीचा नंबर आला कुठून? ओसरीत झोपलेल्या कुटुंबातल्या माणसाला फोन केला. तो आधी तापला, मग म्हणाला की कागद बाळापूरच्या नेट कॅफेतून काढला. दुसऱ्या कुटुंबाला विचारलं, तर त्यांनीही तिथूनच, त्याच दुपारी काढला होता.

आता माझा संशय कॅफेवाल्यावर गेला. बाळापूरला जाऊन मी शेजारच्या दोन मशीनवर, वेगवेगळ्या नावांनी, एकापाठोपाठ दोन खोल्या बुक केल्या. दुसऱ्या मशीनवर पहिल्याच खोलीचा कागद उघडला. कॅफेवाला मागे उभा राहून बघत होता. नेटची लाइन फार हळू चालते, तो सांगू लागला, म्हणून सगळ्यांचं नेट ज्यातून जातं त्या मुख्य मशीनवर एक सोय करून घेतलीय. एकदा आलेलं पान ते मशीन ठेवून घेतं आणि पुन्हा कोणी मागितलं की तेच देतं.

मग उलगडलं. आपण वेबसाइटला काही मागितलं की ती उत्तर पाठवते. त्या उत्तराच्या आधी, आपल्याला न दिसणाऱ्या काही ओळी असतात: काम झालं की नाही, पान कसलं आहे, ते साठवून ठेवायचं की नाही. आमच्या वेबसाइटच्या उत्तरात 'साठवू नका' ही ओळच नव्हती. शिवाय बुकिंग झालं की प्रत्येकाला एकाच पत्त्यावरचं पान दाखवलं जाई. पत्ता तोच, म्हणून बाळापूरच्या मशीननं एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात दिलं.

मी ती ओळ घातली, प्रत्येक बुकिंगला वेगळा पत्ता दिला, कागदावर नाव छापायची सोय केली. परत बाळापूरला जाऊन करून पाहिलं. या वेळी दोन कागद निघाले, दोन खोल्यांचे.

औंढ्याला मामांच्या समोरच शेठांना सगळं सांगितलं. "म्हणजे मामाचा काहीच हात न्हाई म्हणता?" शेठांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण त्यांची नजर काही निवळली नाही.

मामा मला बसपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "बाई, तुमी मशीनला विचारलं, बाळापूरवाल्याला विचारलं. मला काहून कोणी विचारलं न्हाई?"

तेवढ्यात बस येऊन थांबली आणि मी चढले.

खोल्यांचा घोळ पुन्हा झाला नाही. तरी शेठांनी काउंटरवर आणखी एक माणूस बसवला, मामांवर डोळा ठेवायला. पावसाळ्याच्या तोंडावर मामांनी चाव्या शेठांच्या टेबलावर ठेवल्या आणि देवळाच्या वाटेवर बेल-फुलांचं दुकान टाकलं. औंढ्याला गेले की मी त्यांच्याकडूनच बेल घ्यायचे. ते माझ्या आईची तब्येत विचारायचे, पावसापाण्याचं बोलायचे. लॉजचा विषय त्यांनी कधी काढला नाही.