घोडीची पोथी

आमच्याकडं पावणे आले की चहाच्या आधी सांगावं लागतं, गोठ्याच्या डाव्या अंगाला जाऊ नका, घोडी चावते. काही जण मग मुद्दाम जाऊन बघतात. त्यांना हळद लावायचं काम माझं.

घोडी बैलगाड्याच्या शर्यतीची आहे. आमच्या भागात शर्यतीला चार बैल गाडा घेऊन चढावर पळतात. त्या चढाला घाट म्हणतात. बैलांच्या पुढं घोडी पळते आणि बैल तिच्या मागं जातात. एका घोडीची सवय लागली की बैलांना दुसरी चालत नाही. आमच्या बैलांना हिचीच सवय. घोडीला मात्र माणसांची सवय लागली नव्हती. तिच्यावर माझे धाकटे दीर बसतात. उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं त्यांचा दंड धरला. चावली असं लिहिणार होते, पण धरला हेच खरं. सोडायला बराच वेळ लागला.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "यात्रा होईस्तोवर ठेवायची. घाटात नीट उभी राहिली तर राहील. न्हाईतर दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढवायची. पावण्यांशी सौद्याचं बोललोय मी."

"ती चावती म्हणून सांगितलंय का त्यांना?" दिरांनी विचारलं.

"पळती म्हणून सांगितलंय."

मी भाकरी वाढत होते, वाढत राहिले. चार माणसांत मला बोलता येत नाही. घोडी माझी आहे असंही मी कधी म्हटलं नाही. तिचे हरभरे मी भिजवते, एवढंच. पण घरात माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी ती एकटी आहे, आणि ती गेली तर मी कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता.

हे मला एका पुस्तकामुळं कळलं. मुलगी अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. एका रविवारी ती मैत्रिणीचं एक जाड पुस्तक घेऊन आली आणि जाताना माझ्याकडं ठेवून गेली. वर काळा घोडा, डोळे लाल. म्हणाली, "मुलांसाठीचं आहे आई, तुला जमेल."

मी चौथी शिकले. मला मनात वाचता येत नाही. बोट आणि तोंड दोन्ही चालवावं लागतं, तेव्हा अक्षर पुढं सरकतं. घरात वाचलं तर सगळे ऐकणार, म्हणून मी दुपारी गोठ्यात जाऊन बसले.

पुस्तकात जळक्या डोंगराच्या पोटातून घोडे बाहेर येतात. त्यांचा खूर लागला की गवत पेटतं. तिथली माणसं त्यांना धरून शर्यत लावतात. घोडा माणसाला मारत नाही, पाठीवर बसलेल्याचं नाव खातो. मग त्याला घरचेसुद्धा ओळखत नाहीत. एका मुलीच्या भावाचं नाव असं गेलेलं असतं, ते परत आणायला ती शर्यतीत उतरते. नाव जाणं ही पुस्तकात सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणून सांगितली आहे. माझं नाव लग्नात तांदळाच्या ताटात बदललं. त्या दिवशी जेवायला जिलेबी होती.

बाकी पुस्तक बरं आहे. फक्त एवढे घोडे एवढी पानं पळतात आणि कुणी एकदाही लीद उचलत नाही.

दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की मी वाचायला लागले की घोडी पाय आपटायची थांबते. तिचे कान माझ्याकडं वळायचे. खोडदला त्या मोठ्या ताटल्या आहेत ना, आभाळातलं ऐकणाऱ्या, त्या जशा सावकाश फिरतात तसे. जोडाक्षर आलं की मी अडखळायची. ती थांबायची. जोडाक्षर सुटलं की दोघी पुढं जायचो. चौथ्या दिवशी मी वाचता वाचता तिच्या मानेवर हात ठेवला. तिनं दाताचं काही काढलं नाही.

मग एकदा सासूबाई दारात आल्या. डोक्यावर पदर, बोट अक्षरावर आणि सूर लावून वाचन चाललेलं बघून त्या चपला काढून उभ्या राहिल्या.

"कसली पोथी गं?"

या वयात मुलांचं पुस्तक वाचते हे सांगायची मला लाज वाटली. "घोड्यांची," मी म्हटलं.

"अध्याय किती?"

"चाळीस."

खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुस्तकावरच्या लाल डोळ्यांच्या घोड्याला हळदकुंकू लागलेलं होतं आणि झेंडूचं फूल होतं. मुलीनं फोन करून पुस्तक परत मागितलं तेव्हा सासूबाईच बोलल्या, "अर्धी पोथी घरातनं जात न्हाई. मैत्रिणीला सांग, कळ काढ."

यात्रेच्या दिवशी मी घाटाच्या खालच्या बाजूला बायकांत उभी होते. दोन गाडे पळून गेले आणि आमची बारी आली. भोंगे, हलगी, शिट्ट्या, सगळं एकदम चाललेलं. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दीर लगाम धरून तिच्याभोवती फिरत होते, की ती त्यांना फिरवत होती, ते लांबून कळत नव्हतं. यांनी पुढं होऊन मान धरली, तर तिनं यांची टोपी घेतली आणि टाकली. लोक हसले. हे हसले नाहीत. मी यांचं तोंड पाहिलं आणि मला टेम्पो दिसला.

सासूबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. ते त्यांनी आणलंय हे मला माहीत नव्हतं. त्या मला दंडाला धरून सरळ गाड्यापाशी घेऊन गेल्या.

"हिनं पोथी वाचली की घोडी गप उभी राहती."

"आता? हितं?" हे म्हणाले.

"मग टेम्पोवाल्याला हाक मारू का?"

मी पुस्तक उघडलं. सगळे पुरुष. मी अक्षराकडं बघितलं आणि वाचायला लागले. घोडीनं पुढचे पाय खाली ठेवले. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात वर डोंगराकडून एका बाईचा आवाज आला. आधी वाटलं, दुसरीकडंही कुणीतरी वाचतंय, आणि वाईट वाचतंय. मग बघितलं, तर माईकवाल्यानं माईक माझ्या तोंडापुढं धरला होता.

"मंडळी, जरा शांतता राखा," तो म्हणाला. "गाडामालकांच्या घरची पोथी चालूय."

मी थांबले. हलगी थांबली. एवढा घाट गप झालेला मी कधी पाहिला नव्हता. घोडीचे कान मागं चिकटले.

"वहिनी, वाचा," दीर हळू म्हणाले. "दंड माझा हाय."

म्हणून मी वाचलं. काळा घोडा तोंड उघडतो आणि त्या मुलीकडं नाव मागतो, तो भाग. वरच्या भोंग्यातून जोडाक्षरं अडखळत येत होती आणि सगळी यात्रा त्यांच्यासाठी थांबत होती. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"ह्यात देव कुठं आला न्हाई अजून, राव," मागं कुणी म्हणालं.

"येईल की. चाळीस अध्याय हायेत म्हनं."

दीर घोडीवर बसले. तिनं बसू दिलं. मागं बैल जुंपले, निशाण पडलं, आणि माझ्यापुढची घोडी एकदम नव्हती. मागोमाग बैल गेले. धूळ. माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते मी पुरं केलं, कारण अर्धं सोडायची सवय नाही. तोवर सगळे वर बघत होते, आणि माईकवर तेवढंच ऐकू आलं, की त्या मुलीनं आपलं नाव सांगितलं नाही.

पहिला नंबर आला नाही. तिसरा आला. संध्याकाळी हे हातपाय धुताना म्हणाले, "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पावणं इचारत व्हतं, ही पोथी कुठं मिळती."

चाळिसावा अध्याय झाला त्या दिवशी सासूबाईंनी पुरणपोळी केली. एक घोडीला दिली. पुस्तक अवसरीला परत गेलं. मैत्रिणीनं विचारलं, हे डाग कसले. मुलीनं सांगितलं, आमच्याकडं लोकांना फार आवडलं.

पण दुपार झाली की घोडी पाय आपटायची. मी पेंडीच्या पोत्यावरचं वाचून दाखवलं. मुलीचं जुनं भूगोलाचं पुस्तक वाचलं. भूगोलाच्या तिसऱ्या पानाला तिनं माझा पदर ओढला. यांनी ते पाहिलं, आणि मला पुन्हा टेम्पो दिसला.

म्हणून मी शंभर पानी वही आणली. भांडी झाली की घोड्यांचं एक पान लिहिते आणि तिला वाचून दाखवते. कधी डोंगरातला घोडा येतो, कधी आमच्याच घरातलं येतं, जसं हे. दिरांचा दंड आला तिथं तिनं एक कान फिरवला. जोडाक्षरं मी कमी घालते. तिला थांबावं लागतं.