बॅटरीचं पाणी आणि तीन कुंड्या

बॅटरीवाल्या काकांचा मोठा दुर्गुण म्हणजे त्यांना स्वस्थ बसवत नसे. कुणी दुकानापाशी नुसता पत्ता विचारायला गाडी थांबवली, तरी ते बॉनेट उघडून बॅटरीत पाणी भरून द्यायचे.

लेक संसार मोडून परत आली, तेव्हा हा माणूस अर्थातच कामाला लागला. दर तासाला तिच्या दारावर टकटक. चहा आणू? खिडकी उघडू? वकिलांना फोन लावू? आतून एकच उत्तर यायचं, "नको, बाबा." दोन महिन्यांत तिच्या तोंडून तिसरा शब्द म्हणून ऐकू आला नाही.

तिने येताना एक बॅग आणि बटरवर्ट नावाच्या कीटकभक्षी झाडाच्या तीन कुंड्या आणल्या होत्या. लोणी फासल्यासारखी चिकट पानं. वर चिलट बसलं की त्याचा कारभार आटोपला. या झाडांना नळाचं पाणी सोसत नाही, बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्डच लागतं, हे कळल्यावर काकांची कळी खुलली. दुकानात कॅनच्या कॅन भरलेले होते! लेकीसाठी काही करता येत नव्हतं, निदान झाडांसाठी तरी करता येणार होतं.

थंडी पडली आणि झाडं आक्रसली. रुंद पानं जाऊन बटणाएवढा गड्डा उरला. काकांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली. एका रविवारी मधल्या कुंडीतलं झाड बोट लावताच लिबलिबीत होऊन उपटून आलं. अति तेथे माती, दुसरं काय!

त्या दिवशी त्यांनी दार वाजवलं ते काही द्यायला नव्हे.

"मी तुझं झाड मारलं गं," ते म्हणाले.

दार उघडलं. लेकीने कुंडी हातात घेतली आणि ती उसळलीच. "पाणी कुणी घालायला सांगितलं होतं? थंडीत ते मिटून बसतं, बाबा, मेलेलं नसतं! थोडे दिवस त्याच्या वाटेला जायचं नसतं. तुम्हाला धीर म्हणून नाहीच का हो?"

बोलता बोलता ती सडकी पानं खुडू लागली. काकांनी मान खाली घातली. पण खरं सांगायचं तर बोलणी खाऊन इतकं बरं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

सडलेल्या झाडाची चार पानं अजून टणक होती. ती तिने त्याच कुंडीत ओलसर वाळू भरून तिच्यावर मांडली आणि कुंडी बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. "देठातून पिल्लं फुटतील. महिना लागेल, नाहीतर दोन. रोज उकरून बघायचं नाही."

काकांनी टकटक थांबवली. सोपं नव्हतं ते. चहा टेबलावर झाकून ठेवायचे. गार झाला तर स्वतःच पिऊन टाकायचे, अवाक्षर न काढता. कधीकधी कप रिकामा मिळायचा.

सहाव्या आठवड्यात दुकानाला निघताना एका देठाशी त्यांना मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कुंडी उचलून तिच्या दाराशी ठेवली. मग ती परत नेऊन खिडकीत होती तिथे ठेवली. चपला हातात घेऊन ते जिना उतरले.

दुपारी दुकानातला फोन वाजला.

"बाबा, पिल्लू फुटलंय! एवढंसंच आहे, पण फुटलंय."

"काय सांगतेस?" काका म्हणाले आणि खुर्चीत नीट टेकून बसले. "कसं दिसतंय, सांग बरं."