मालिकेतल्या राजाचं सुतक

रायपूर राजधानी झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी, बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना आईने गोड दिलं नाही. टीव्हीवरच्या दरबारी मालिकेतला राजा बुधवारी वारला होता आणि आई त्याचं सुतक पाळत होती.

"आई, तो नट आहे. दुसऱ्या चॅनलवर साबण विकून राहिला," मी सकाळीच सांगितलं होतं.

"तू चूप बैस. चार दिवस नाही झाले, अन् मी शिरा करू?"

मुलाचा फोटो बहिणीला आवडला होता. असं याआधी कधी झालं नव्हतं. साडी नेसून ती आतल्या खोलीत बसली होती.

पोहे खाता खाता मुलाच्या आईने विचारलं, "गोड काहून नाही?"

आईने कारण सांगितलं.

"तो राजा? धाकट्या राणीले छळणारा? मेला तं बरंच झालं! आम्ही पेढे खाल्ले त्या दिवशी."

आईने त्यांच्यासमोरची पोह्यांची बशी उचलली. मी ती परत ठेवली. आईने पुन्हा उचलली.

बहिणीला बाहेर बोलावण्याआधीच पाहुणे भिलाईला निघाले. नकार गुरुवारी फोनवर आला.