डाव्या दांड्याचा सांधा

भिमाजीने जीप घेताना सगळं तपासलं. इंजिन थंड असताना चालू करून पाहिलं, गरम झाल्यावर पुन्हा पाहिलं. धुराचा रंग पाहिला. गिअर एकेक टाकून पाहिला. स्टिअरिंगचा खेळ दोन बोटांनी मोजला. फक्त गाडीखाली तो शिरला नाही. आणि जन्मभर त्याने गाडीखालीच काम केलं होतं.

एसटीच्या नगरच्या वर्कशॉपमध्ये तो बासष्ट साली हेल्पर म्हणून लागला आणि पंच्याण्णवच्या जूनमध्ये कारागीर म्हणून निवृत्त झाला. तेहेतीस वर्षं, निम्मी खड्ड्यात उभं राहून, निम्मी पाठीवर पडून. बसची चासी हे त्याचं काम. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, दोन लांब दांडे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, बॉडी, माणसं, सगळं त्या दोन दांड्यांवर बसतं. भिमाजी दांड्यावर हातोडीने टकटक करत पुढे सरकायचा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. संशय आला की रॉकेलचा बोळा फिरवायचा, फडक्याने कोरडं पुसायचं आणि वर खडू चोळायचा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. केसाएवढा तडा असला तरी उमटते. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं तेहेतीस वर्षांत दोनदा झालं. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

कामाचा त्याला कंटाळा नव्हता. पण खड्ड्यातून माणूस दिसत नाही, बूट दिसतात. साहेबाशी बोलायचं म्हणजे बुटांशी बोलायचं. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्याला बिस्किट रंगाचं सफारीचं कापड दिलं. ते त्याने पाथर्डीला येऊन शिवून घेतलं आणि गाडी बघायच्या दिवसापर्यंत घडी मोडली नाही.

गाडी महेंद्रसाठी घ्यायची होती. महेंद्र त्याचा धाकटा, बारावी झालेला, चोवीस वर्षांचा. पाथर्डी-नगर लाईनीला दुसऱ्याची जीप रोजावर चालवायचा. थोरल्या दोन मुली आपापल्या घरी होत्या. फंडाचे पैसे हातात आल्यावर बायको मनकर्णा म्हणाली, "पोराच्या हातात काय तरी द्या. त्याच्या लग्नाला पोरगी कोन देनार, रोजावरच्या डायवरला?" तेव्हा दसऱ्याच्या आधी बापलेक नगरला केडगावच्या बाजूला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ऑटो कन्सल्टंटकडे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. मालकाला सगळे दादासाहेब म्हणायचे.

दादासाहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "या साहेब."

भिमाजीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

खुर्ची पुसून दिली गेली. चहा कपबशीत आला. भिमाजीच्या लहानपणी गावच्या हॉटेलात गावकुसाबाहेरच्या त्याच्या वस्तीतल्या माणसांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असत. आता काळ बदलला होता, नगरमध्ये कोणी विचारत नव्हतं. तरी बशी हातात आली की त्याचं लक्ष बशीकडे जायचंच.

"एसटीत होता? वर्कशॉपला?" दादासाहेब म्हणाले. "मग संपलंच. आम्ही तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच आम्हाला सांगा. बिनधास्त बघा. खालून बघायची तर बघा, पोतं टाकायला सांगतो."

भिमाजीने खाली पाहिलं. माती ऑइल पिऊन काळी झाली होती. मग त्याने स्वतःच्या पँटची इस्त्री पाहिली. तो उकिडवा बसला, मान वाकडी करून आत डोकावला. सगळा तळ ताज्या डांबराने काळाभोर होता.

"डांबर मारलंय," तो म्हणाला.

"गंजू नये म्हणून. आपल्याकडच्या प्रत्येक गाडीला मारतो."

शेजारी दुसरी जीप उभी होती. मान आणखी वीतभर वळवली असती तर तिला डांबर आहे की नाही ते दिसलं असतं. डांबराखाली काय काय झाकतात हे त्याला ठाऊक होतं. पण हातोडी घरी होती, आणि 'साहेब' गुडघ्यावर हात टेकून उठला.

"ठीक हाय," तो म्हणाला.

कागदावर 'गाडी आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली' असं छापलेलं होतं. खाली त्याने सही केली. महेंद्रने पेढे वाटले.

दोन महिने जीप चांगली चालली. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी माणसं, मग दिवाळी, मग लग्नं. चौदा-पंधरा माणसं घेऊन महेंद्र रोज तीन फेऱ्या करायचा. तिसगाव, करंजीचा घाट, नगर. मनकर्णा पाहुण्यांना सांगायची, आमची गाडी. डिसेंबरात पुढच्या डाव्या टायरची आतली कड खाल्लेली दिसली. टायर घेताना नवे होते. भिमाजीने चाकाची दिशा जुळवून घेतली. महिन्याच्या शेवटी महेंद्र जेवताना सहज बोलून गेला.

"गाडी भरली की मागचं दार लागत न्हाई, आबा. रिकामी केली की लागतंय."

भिमाजीने घास ताटात ठेवला. "कधीपासनं?"

"झाला असंल आठवडा."

भिमाजी उठला, वर्कशॉपची जुनी खाकी चढवली, हातोडी आणि करवतीचं तुटकं पातं घेतलं आणि गाडीखाली शिरला. टकटक करत सरकला. डावा दांडा इंजिनच्या मागे बद्द वाजला. पात्याने डांबर खरवडलं. खाली पुट्टी. पुट्टीखाली वेल्डिंगचा सांधा.

दांडा जोडायचाच तर तिरका कापतात आणि बगलेने पट्टी देतात. इथे सरळ उभा कापून सरळ डकवला होता, वरून ग्राइंडर मारून सपाट केला होता. सांध्याच्या मागे हातभर लोखंडाला बारीक लाटा होत्या, गरम करून, ठोकून सरळ केल्याच्या. ही गाडी कुठेतरी जोरात आदळली होती. पुढचा तुकडा दुसऱ्याच गाडीचा होता. ज्याने हे केलं त्याला काम येत होतं. ग्राइंडर मारायला तासभर तरी लागला असेल. तेवढ्या वेळात पट्टी बसली असती.

तो बराच वेळ खालीच राहिला. मनकर्णा दारातून म्हणाली, "काय सापडलं?"

त्याने सांगितलं.

"मग घेताना दिसलं न्हाई?"

"खाली शिरलो न्हाई."

मनकर्णा उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "तुमी गाडी बघाया गेल्ता का सोयरिकीला?"

दुसऱ्या दिवशी बापलेक केडगावला गेले. या वेळी दादासाहेब बसूनच बोलले.

"कागदावर सही तुमची आहे, भिमाजीराव. जायचं तर ग्राहक मंचात जा. पण तिथं सांगणार काय? तेहेतीस वर्षं चासीचं काम केलं आणि मला चासी कळली नाही?"

भिमाजी कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहत राहिला.

"असं करा," दादासाहेब आवाज उतरवून म्हणाले. "गाडी परत द्या. थोडं नुकसान सोसा. कर्जतची एक पार्टी जीप शोधतीय. पट्टी लावतो, रंग मारतो, देऊन टाकतो."

"त्यांना सांगनार का?"

"तुम्हाला सांगितलं होतं का?"

महेंद्रने बापाकडे पाहिलं. देऊन टाका, असं त्याचं तोंड म्हणत होतं. गाडीचं पुस्तक भिमाजीच्या नावावर होतं. तो उठला आणि बाहेर पडला.

परतताना करंजीच्या घाटात महेंद्र म्हणाला, "कर्जतवाला आपला कोन लागतो, आबा?"

"कोनी न्हाई."

"मग?"

"मी दुरुस्त करतो."

आणि त्याने केली. चार दिवस गाडी उभी ठेवून, नगरहून पाच एमएमची पट्टी कापून आणून, दांड्याला बाहेरून-आतून बसवली. वेल्डिंग आडवं टाकलं नाही, कडेने लांब टाकलं. बोल्ट ढिले राहू नयेत म्हणून भोकं रीमरने, म्हणजे भोक घासायच्या हत्याराने, हातानेच साफ केली. वर्कशॉपमध्ये हे काम चार माणसांचं होतं. तो एकटा होता, अठ्ठावन्न वर्षांचा, आणि जमिनीवर पडून दोन्ही हात वर धरून करत होता. चौथ्या दिवशी त्याला जेवणाचा घास तोंडापर्यंत नेता येईना. मनकर्णाने भाकरी कुस्करून चमचा दिला. दार लागू लागलं. महेंद्र पुन्हा लाईनीला गेला.

दर रविवारी भिमाजी खडू घेऊन खाली शिरायचा. जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पट्टीच्या मागे, लाटा होत्या त्या लोखंडात, रेघ उमटली. नखाएवढी. त्याने टोकांना पंचने खुणा केल्या. पुढच्या रविवारी रेघ खुणेच्या पुढे गेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी दोन बोटं झाली.

"पट्टी लांब टाकू की," महेंद्र म्हणाला.

"पट्टी कशाला धरंल? मागचं लोखंडच मेलंय. दांडा बदलायला पायजे. दांडा म्हंजी आख्खी गाडी उतरवायची. तेवढ्या पैशात दुसरी येती."

"मग हंगामापुरती चालू द्या. ऊसतोडवाले माघारी येतील पाडव्याच्या आसपास. तेवढे दिवस कमवू, मग बघू."

"पंधरा मानसं असत्यात."

"सगळ्यांच्याच गाड्या तशा हायती, आबा. कोन बघतं खाली?"

हे आठ-दहा दिवस चाललं. भिमाजी किल्ली लपवी, महेंद्र दुसरी करून आणी. शेवटी एका सोमवारी महेंद्र आंघोळीला गेलेला असताना भिमाजीने रेघ पाहिली. चार बोटं. दांड्याची उंची आठ बोटं होती. तो हात धुवून येईपर्यंत महेंद्र गाडी घेऊन गेला होता.

भिमाजी पाने-हातोडीची पिशवी घेऊन स्टँडवर चालत गेला. जीप नंबरात पहिली उभी होती, अकरा माणसं बसली होती. महेंद्र खाली उभा राहून "नगर, नगर" ओरडत होता. भिमाजी मागच्या दाराशी गेला.

"उतरा," तो म्हणाला. "हिची चासी मोडलेली हाय. घाटात टिकनार न्हाई."

कोणी उतरलं नाही. पुढच्या सीटवर त्याच्याच आळीतली आक्काबाई बसली होती, डोळ्याच्या दवाखान्यात निघालेली. ती म्हणाली, "भिमाजी, माझं खुब्याचं हाड बी सांधल्यालंच हाय. मी चालते का न्हाई?"

माणसं हसली. मागून कोणी म्हणालं, "बाबा, मागची जीप तर हिच्यापेक्षा जुनी हाय. तिला म्हाईत न्हाई ती मोडलीय म्हनून, एवढंच."

"आबा, घरी चला," महेंद्र दात आवळून म्हणाला. "घरी बोलू."

"घरी धा दिवस झाले बोलतोय."

भिमाजीने दोन दगड आणले, मागच्या चाकाला पुढून-मागून लावले. त्याला प्रोपेलर शाफ्ट, इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारी लोखंडी नळी, काढायची होती; ती काढली की गिअर गाडी धरत नाही, हे तिथल्या बऱ्याच ड्रायव्हरांना ठाऊक नसतं. मग तो पाठीवर पडला आणि खाली सरकला. महेंद्रने त्याचा पाय धरला. ओढला नाही, नुसता धरला, आणि सोडला.

 शाफ्टच्या दोन टोकांना चार-चार नट. पहिले सहा सुटले. दोन गंजले होते, त्यांना हातोडी लागली.  तोवर त्याला वरच्या माणसांचे पाय उतरताना दिसले; चपला, एक अनवाणी, आक्काबाईचे सुजलेले. शाफ्ट छातीवर घेऊन तो बाहेर आला, खांद्यावर टाकला आणि घरी निघाला.

माणसं मागच्या जीपमध्ये बसली. ती सूर्यभानची होती.

महेंद्र आठ दिवस बापाशी बोलला नाही. एवढ्या लोकांसमोर सांगितल्यावर पाथर्डीत ती जीप कोणी घेणार नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका गॅरेजवाल्याने नेलं. राहिलेली गाडी भंगारात गेली, किलोवर. दोन्ही दांड्यांचे तीन-तीन तुकडे होईपर्यंत भिमाजी गॅसकटरवाल्याशेजारी बसून राहिला. महेंद्रने तुकडे उचलायला मदत केली. तडा गेलेला तुकडा हातात घेऊन त्याने विचारलं.

"अजून किती दिवस चालली असती?"

भिमाजीने लोखंड पाहिलं. निम्मं शाबूत होतं.

"सांगता येत न्हाई."

"आठ दिवस?"

"आठ दिवस. न्हाई तर वरीस बी चालली असती."

महेंद्रने तुकडा काट्यावर टाकला.

पाडव्याला ऊसतोडवाले परत आले. महेंद्र सूर्यभानच्या जीपवर रोजावर लागला. भिमाजी सूर्यभानकडे गेला. म्हणाला, पैसे नकोत, फक्त एकदा खालून बघू दे, अर्धा तास. सूर्यभान दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "नगं बाबा. तुमी हात लावला की गाडी बंद पडती."

महेंद्र सकाळी साडेसहाला पहिली फेरी घेतो. पंधरा माणसं असतात, बाजारच्या दिवशी अठरा. त्या जीपचे दांडे कसे आहेत, भिमाजीला ठाऊक नाही.