आजोबांची हाडं

लॉकडाऊनमध्ये अमेरिकेतल्या डीमॉइन शहरातल्या फ्लॅटवर आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि एक ग्वातेमालाची, माया जमातीची मुलगी. ती कायदा शिकत होती. मी घरून ऑफिसचं काम करायचे आणि दिवसभर चिडचिड करायचे. एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "डॉक्युमेंटरी बघायचीय. एकटीने नाही बघवणार. बसशील?"

चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. तिच्याच डोंगरातली गावं होती. चाळीसेक वर्षांपूर्वी सैन्याने माणसं मारली, घरं जाळली, आणि वर सरकार म्हणे वंशसंहार झालाच नाही! गावातल्या बायका मात्र हटल्या नाहीत. कोर्टात दुभाष्यामार्फत सगळं सांगत होत्या. त्यातली एक हिची आई निघाली. "माझ्या वडिलांना नेलं. मला त्यांची हाडं द्या," ती न्यायाधीशांना म्हणाली.

लष्करी तळावर खणून काढलेली हाडं प्रयोगशाळेत होती. आईने रक्तही तपासायला दिलं होतं. पण साथीमुळे प्रयोगशाळाच बंद. आई थकलेली. तिच्या हयातीत हाडं मिळतील का, एवढाच घोर हिला लागला होता.

मला भरून आलं. धीर द्यायला म्हणून बोलून गेले, "मिळतील गं. मग नदीत सोडा, म्हणजे सुटतील बिचारे."

ती ताडकन उठली. "नदीत? नदीत सैनिक टाकायचे माणसं! आम्हाला ते मातीत हवेत." खोलीचं दार धाडकन लागलं. बोंबला! काय बोलून बसले मी? आपल्याकडे अस्थी पाण्यात सोडल्या की माणूस सुटतो, हे आता तिला कुठल्या तोंडाने सांगणार? संध्याकाळी दाराशी वरणभात ठेवला. तिने घेतला आणि दार पुन्हा लावून घेतलं.

उन्हाळ्यात तिच्या आईला कोविड झाला. तिकडचा विमानतळच बंद, त्यामुळे आई गेली ते हिला फोनवर कळलं. माझा नुसता संताप संताप झाला.

पुढे प्रयोगशाळा उघडली आणि निरोप आला, रक्त जुळलं. हाडं आजोबांचीच.

त्यांच्याकडे हाडांना नवे कपडे घालून पुरतात. थोरल्या भावाने बाजारातून व्हिडिओ कॉल केला. हातात दोन शर्ट, एक लहान, एक मोठा. तो काय विचारतोय, ते तिने मला सांगितलं, "आजोबा केवढे होते?"

आजोबांना पाहिलेली घरात एकटी आईच होती.

"घे कुठलाही," ती भावाला म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन खाली बसली.