आल्प्समधला भैरोबा

खरं सांगायचं तर देवाशी माझं बारावीतच वाजलं होतं. तळवड्यात आमच्या गावच्या जुन्या शिवेवर, आता एका कंपनीच्या भिंतीला खेटून, भैरोबा आहे. म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. निगडीची बस गाठायला कितीही उशीर झालेला असो, आई तिथं चपला काढायला लावायची. "टेक डोकं, मग जा." बस निघून जायची आणि माझ्या अंगाचा तीळपापड व्हायचा. जर्मनीला शिकायला निघाले त्या दिवशीही तिनं गाडी थांबवलीच. मी खाली उतरले नाही. आई एकटीच उतरली आणि माझ्या वाटणीचंही डोकं टेकून आली. ते मला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

तिकडे एका शनिवारी मी रेश्माला घेऊन आल्प्समध्ये चढायला गेले. रेश्मा माझ्या खोलीत राहते, पिंपळे गुरवची, मूळची लातूरकडची. "पावसाचं काय घेऊन बसलीस, आम्ही मावळातले," असं म्हणत मीच तिला ओढलं होतं. वर डोंगरात एका लाकडी घरात मुक्काम ठरला होता. पण दुपारून ढग खाली उतरले आणि हातभर पलीकडचं दिसेना. वाट कधी सुटली कळलं नाही. त्यात रेश्माचा पाय मुरगळला. फोनला रेंज नाही, ती भिजून कुडकुडतेय, ओठ निळे पडलेले. अंधाराच्या आत छप्पर मिळालं नाही तर या पोरीचं काय होईल, तिच्या आईला मी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं. सगळी मस्ती जिरली माझी.

तेवढ्यात धुक्यात एक दगड दिसला. गुडघ्याएवढा, पावसात लालभडक चमकणारा. शप्पथ सांगते, मी कुठं आहे तेच विसरले. चिखलात बूट काढले, डोकं टेकलं आणि रडत रडत ओरडले, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" रेश्मा म्हणाली, "अगं माय, हिला येड लागलं!" पण दुसऱ्यांदा तीही माझ्याबरोबर ओरडली. आणि ढगातून कुत्रं भुंकलं. मागोमाग एक दांडगे आजोबा आले, आमच्या मुक्कामाच्या घराचे राखणदार. ते लाकडी घर शंभर पावलांवर होतं, आम्हीच त्याच्याकडे पाठ करून चाललो होतो. त्यांनी रेश्माला पाठुंगळी घेतलं, माझे बूट उचलून माझ्या हातात दिले आणि शेकोटीपाशी बसवून गरम सूप पाजलं. आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत होतो.

सकाळी लख्ख ऊन पडलं. पाहते तर कालच्या दगडावर लालबरोबर पांढरा पट्टाही, आणि तसलेच दगड ओळीनं खाली गेलेले. वाटेच्या खुणा! हसून हसून पोट दुखलं. आई खट्टू होईल असं वाटत होतं, तरी फोनवर सगळं सांगितलं.

"त्यो रंग कोण लावतं?" तिनं विचारलं.

आजोबांनी मला ते सांगितलं होतं. म्हटलं, "तिथली गावकरी मंडळी. बर्फानं पुसला जातो, म्हणून दर उन्हाळ्यात डबा घेऊन वर चढतात. येणारं कुणी चुकू नये म्हणून."

"मंग हसती कशाला? तिथं बी पुजारी हाय की!"

सुट्टीत घरी येताना शिवेपाशी, आईच्या आधी मीच गाडी थांबवायला सांगितली. चपला काढल्या, डोकं टेकलं. मागायला काही सुचलं नाही, सगळं आधीच मिळालं होतं. पावसानं दगडाची एक बाजू फिकट झाली होती. आईच्या हातून शेंदराची डबी घेतली आणि तेवढी जागा मी बोटांनी भरून काढली. येणारं कुणी चुकू नये म्हणून.